वाक्य पुरं होईपर्यंत

आमच्या घरातली माणसं सून बघायला जायची तेव्हा मुलीला भाकरी थापता येते का, भातलावणीला पाठ किती वेळ वाकते, हे मागाहून विचारायची. आधी विचारायची, "पोरगी बोलते का?" मुलगी मान खाली घालून गप्प बसली तर इतर घरांत तिला गुणाची म्हणत. आमची माणसं मात्र गूळपाणी घेऊन उठून येत. कारण आमच्याकडचे पुरुष अडखळत बोलायचे. माझे आजोबा तसे होते म्हणतात, मी त्यांना पाहिलेलं नाही. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, तेही तसेच. धाकट्या चुलत्याने तर बोलणंच जवळजवळ सोडून दिलं होतं, मानेने आणि भुवयांनी त्याचं भागत असे. पवना नदीच्या बाजूला आमचं गाव. तिथे आम्हाला आडनावाने कमी आणि 'अडखळ्यांचं घर' म्हणून जास्त ओळखत. त्यात थोडी कुचेष्टा होती, पण बरीचशी नुसती सवय होती. विहिरीजवळच्या घराला विहिरीवाले म्हणतात, तशी.

माझी आई त्या परीक्षेत पहिली आलेली होती. तिला बघायला गेले तेव्हा तिने म्हणे आजोबांना विचारलं, "बैल कुटं बांधलं? पानी दावलं का त्यांना?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच भावाला पाणी दाखवायला पिटाळलं. आजोबा तिथेच पसंत म्हणाले, म्हणजे म्हणायला लागले आणि बाकीच्यांनी समजून घेतलं. लग्नानंतर आई नानांची जीभ झाली. तलाठी आला, सोयरा आला, गुरांचा व्यापारी आला, की नाना ओसरीवर बसत आणि आई दारामागून बोले. नाना "ब... ब..." करू लागले की आई म्हणे, "बैल सोडल्यात, व्हय, पेंढा टाकते." बहुतेक वेळा तिचं बरोबर असे. कधी चुकलं तरी नाना दुरुस्त करत बसत नसत. एकदा जेवताना त्यांनी "मी... मी..." केलं आणि आईने ताटात मिरची वाढली. नाना ती मुकाट्याने खात होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. पुष्कळ वर्षांनी त्यांनी मला सांगितलं की त्यांना मीठ हवं होतं.

माझीही लहानपणची कितीतरी वाक्यं माझ्या आईने पुरी केलेली आहेत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तिला माझी ती धडपड बघवत नसे, एवढंच. मी तोंड उघडलं की तिचे ओठ माझ्याबरोबर हलू लागत, आणि माझा शब्द अडला की तिचा बाहेर पडे. तिने उपायही सगळे केले. वेखंड उगाळून मधातून जिभेला चोळलं. पोपटाने उष्टा केलेला पेरू शोधायला ती रानभर हिंडली आणि तो मला खायला घातला. कोणी विचारलंच तर ती सांगे, "ल्हान आसताना म्हशीला भ्यालं, तवापास्नं आडकतंय." ती म्हैस मला कधी आठवली नाही. पण आई इतक्या खात्रीने सांगे, की मी बरीच वर्षं त्या म्हशीवर विश्वास ठेवला.

एक गोष्ट मात्र मला लहानपणी कोड्यासारखी वाटे. आवणात, म्हणजे चिखल केलेल्या खाचरात, बायामाणसं ओळीने वाकून रोपं लावत, आणि लावणीची भलरी गाणी म्हणायला नाना पुढे असत. तेव्हा त्यांचा आवाज एकदासुद्धा अडत नसे. धुक्यात माणसं दिसत नसत, नानांचा आवाज तेवढा दिसल्यासारखा वाटे. बैलांशीही ते सरळ बोलत. मला वाटे, नानांना दोन जिभा आहेत, एक रानातली आणि एक घरातली. आज मी असं म्हणेन, की जीभ एकच होती, पण समोर कोण आहे आणि ते कशी वाट बघतंय, यावर ती बदलत होती. लहानपणी मला एवढं कुठून कळणार. मी फक्त लावणीची वाट बघत असे, कारण त्या घोळक्यात मीही न अडखळता ओरडू शकत होतो.

गावच्या शाळेतले मास्तर आईला म्हणाले, मुलगा लिहितो बरा, पुढे शिकवा. पुढे म्हणजे लोणावळ्याला. तिथे आईचा थोरला भाऊ, आमचा मामा, रेल्वेच्या लोको शेडमध्ये कामाला होता. तो मला न्यायला आला तेव्हा आईला मला सोडवेना. मामाला ऐकू येत नसे. पोलादी बॉयलरच्या आत बसून हातोडे ऐकत त्याचे कान गेले होते. गावात मात्र म्हणत, "खाण तशी माती, ह्यांच्या रगतातच बहिरेपना आसंल." मामाच्या आधी त्यांच्या घरात कोणीही बहिरं नव्हतं. मामी बिचारी मुलं झाल्यावर कितीतरी दिवस त्यांच्या कानाजवळ टाळ्या वाजवून बघत असे.

"तितं त्याचं कोन बोलल?" आई मामाच्या कानाशी ओरडली. "त्याला बोलता येत न्हाई!"

मामा तिच्या तोंडाकडे बघत होता. म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई. जमल आमचं."

लोणावळ्याच्या त्या दोन खोल्यांची आठवण आली की मला आधी वास येतो. कोळशाच्या शेगडीवर दोरीला वाळत घातलेल्या कपड्यांचा, मामाच्या सदऱ्याला येणाऱ्या तेलाचा, आणि मामीच्या सुकटीच्या चटणीचा. पाऊस एकदा लागला की भिंतींना ओल येई, वह्यांची पानं मऊ पडत, आणि घाट चढून आलेल्या गाड्यांच्या शिट्ट्या अशा ऐकू येत, जणू इंजिन परसात येऊन उभं आहे. मामा त्या आवाजातही शांत जेवत असे. मग हात धुऊन माझ्यासमोर बसे आणि म्हणे, "हं, शाळंत काय झालं?"

तो माझ्या ओठांकडे बघायचा. घाईने बोललं तर त्याला कळत नसे, पुटपुटलं तर कळत नसे, आणि अर्धं वाक्य तर त्याच्या काहीच कामाचं नव्हतं. आई माझ्या पहिल्या अक्षरावरून पुढचं ओळखायची. मामाला पुरं बोलल्याशिवाय काही मिळतच नसे. सुरुवातीला मी अडलो की रडकुंडीला येई. मामा मात्र आपला उजवा हात खांद्यापाशी आडवा धरी, रेल्वेच्या सिग्नलसारखा. तसाच धरून ठेवी. माझ्या तोंडून शब्द निघाला, की तो हात खाली पाडी आणि खोली दणाणून टाकी, "पडला सिग्नल! जाऊ द्या गाडी!" त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो शेजारच्या खोल्यांतही ऐकू जाई. मामी म्हणे, "आवो, हळू. समद्या चाळीला कळतंय भाच्याची गाडी सुटली म्हनून." मग ती हसे, मी हसे, आणि पुढचं वाक्य जरा सोपं जाई.

मी तिथे बरा झालो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी अडखळतच राहिलो. आज या वयातही टेलिफोन वाजला की मी दुसऱ्या कोणी उचलावा म्हणून जरा थांबतो. पण लोणावळ्यात एक झालं. मी वाक्य पुरं करायला शिकलो. अडलं तर अडलं, शेवटपर्यंत जायचं, समोरचा बसलेला आहे. शाळेतले काही मास्तर तसे बसत, काही बसत नसत. मुलं चिडवत. पण रोज संध्याकाळी मला एक माणूस असा मिळत होता, ज्याला कुठेही जायचं नव्हतं. त्याचे उपकार मी कसे सांगू, मला कळत नाही.

पुढे मी पुण्याला कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि गावाला तो विनोदच वाटे. अडखळ्यांचा दत्तू इंग्रजीत अडखळणार! तिथे जीवशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनी आनुवंशिकता शिकवली. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, पुढच्या पिढीत कोणता किती उगवतो, सगळं फळ्यावर चौकटींत स्वच्छ मांडलेलं. मला त्या चौकटींत आजोबा, नाना, चुलता आणि मी असे ओळीने बसलेले दिसत होते. तास संपल्यावर मी त्यांच्या टेबलाशी गेलो आणि विचारलं, माणसाचं बोलणंही असंच उतरतं का. विचारायला बराच वेळ लागला. प्रश्न कशावरून आला ते त्यांना सांगावं लागलं नाही.

ते म्हणाले, "वाटाण्याइतकं सरळ नाही ते. उंची, स्वभाव, बोलणं, अशा गोष्टींत आईबापांकडून एक नाही, पुष्कळ बारीक बारीक गोष्टी येतात. मग अन्न, घर, माणसं यांचा हात लागतो. कशाचा किती, हे आज कोणी खात्रीने सांगू शकणार नाही. मीही नाही." मला ठाम उत्तर हवं होतं. कित्येक दिवस मी त्यांच्यावर मनातून नाराज होतो.

त्याच उन्हाळ्यात हौसाला, माझ्या पाठच्या बहिणीला, बघायला कामशेतकडची माणसं येणार म्हणून निरोप आला. मी सुटीला घरी आलो. राब भाजण्याचे दिवस होते. रोपांच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून तो जाळतात, म्हणजे रोपं जोमदार येतात, त्या धुराने सगळं शिवार भरलं होतं. हौसा घडाघडा बोलणारी, अगदी आईवर गेलेली. तिच्यात काहीच दोष नव्हता. तरी याआधी दोन ठिकाणची माणसं जेवून गेली होती आणि मग गप्प बसली होती. घराचं नाव तिच्या आधी पोचत होतं. हा मुलगा तिने कामशेतच्या बाजारात भाताच्या गाडीवर पाहिलेला होता, आणि तिला तो आवडला होता. हे तिने मला एकट्याला सांगितलं. मग खाली बघत म्हणाली, "दादा, राग नगं मानूस. आज तू लय बोलू नगंस."

मी बरं म्हणालो. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

मुलाचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत, आणि त्यांची थोरली बहीण आत्याबाई असे पुढे बसले होते. मुलगा मागे, जमिनीकडे बघत. मुलीचा मामा म्हणून लोणावळ्याहून मामा आला होता. तो सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघून खुशीत मान हलवत होता. आबांचा भाताचा व्यापार होता, मूठभर तांदूळ हुंगून ते गाव सांगत, अशी त्यांची ख्याती. जेवणं झाली. आंबेमोहोराच्या भाताचा वास अजून घरात होता. आबा पान जुळवत म्हणाले, "पोरगी आमाला पसंत हाय. पन एक इचारतो, राग धरू नका. तुमच्या घरात ह्यो जो दोस हाय, त्यो पोरीतनं म्होरं उतरतो का?"

"दोस कसला?" दारामागून आई म्हणाली. "आमचा दत्तू ल्हान आसताना म्हशीला भ्याला."

"आन् ह्ये?" आत्याबाईंनी नानांकडे हनुवटी केली.

"ह्येबी."

"एकच म्हस का, का दोन हुत्या?" आत्याबाई म्हणाल्या.

मुलगा खुदकन हसला आणि पुन्हा खाली बघू लागला. आबा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "तू पुन्याला शिकतोस. तू सांग बाबा. बुकात काय लिवलंय? रगतातनं येतं का न्हाई?"

स्वयंपाकघराच्या दारात हौसा उभी होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. मी तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडलो. "र... र..."

"रगतातनं न्हाई येत, म्हनतोय त्यो," आई म्हणाली.

आबांनी मान हलवली. आत्याबाईंनी पान तोंडात घातलं. एका क्षणात सगळं सुटलं होतं, आणि मला काहीच करावं लागलं नव्हतं. मी गप्प बसलो असतो, तरी खोटं मी बोललो असं झालं नसतं. हौसाने तर गप्प बसायलाच सांगितलं होतं. आजही मी त्या क्षणाचा विचार करतो तेव्हा मला ठाऊक नाही, मी पुढे बोललो असतो की नाही. ते ठरवायची वेळच माझ्यावर आली नाही, कारण नानांनी हात वर केला.

"थ... थ..." नाना म्हणाले. परक्या माणसांपुढे त्यांना स्वतः बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं. आईचे ओठ हलले, पण तिला पुढचा शब्द सापडेना. "थ... थांब. त्याचं व्हऊ दे."

कोणाचंच तोंड हलत नाही हे बघून मामा गोंधळला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, माझा जबडा आवळलेला दिसला, आणि त्याच्या परीने त्याला सगळं कळलं. भरल्या बैठकीत त्याने आपला उजवा हात खांद्यापाशी आडवा धरला. आबा त्या हाताकडे बघू लागले. आत्याबाई पान चघळायच्या थांबल्या. किती वेळ गेला सांगता येत नाही.

"रक्तातनं येतं," मी म्हणालो.

मामाचा हात खाली पडला. "पडला!" तो आनंदाने ओरडला. आपण काय साजरं केलं, हे त्या घरात त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हतं. दारामागे आईने पदर तोंडाला लावला.

"पण नुसतं रक्तातनं नाही," मी म्हणालो. हे मला पुढे सांगता येईना. प्राध्यापकांचे शब्द माझ्या तोंडात मावणारे नव्हते, आणि मोठ्या वाक्यांची मला भीतीच वाटे. म्हणून मी आबांना उलट विचारलं, "आंबेमोहोराचा वास ब... बियात असतो का जमिनीत?"

आबांचा चेहरा बदलला. ते विचार करू लागले. "बी तर लागतंच. दुसऱ्या भाताला कितीबी चांगलं खाचर द्या, त्यो वास न्हाई यायचा," ते म्हणाले. "पन आमच्या एका सोयऱ्यानं ह्येच बी खाली देशाला नेलं. भात झालं झक्क. वास काय आला न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "दोन्ही लागतं. हितली थंडी, हितलं पानीबी लागतं."

"तसंच आहे हे," मी म्हणालो. "मला ते... नानांकडनं आलं. पण मामाकडे राहिलो, म्हणून आज तुमच्यापुढं बोललो."

"म्हंजी माझ्या नातवाला व्हईल का न्हाई?"

"ठाऊक नाही. होईलही. पुस्तकातही नाही ते."

आबा गुडघ्यावर हात ठेवून बसले. मला वाटलं, झालं, तिसरं ठिकाणही गेलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हौसा बोलली. बघायला आलेल्या माणसांपुढे मुलीने आपणहून बोलायची रीत नव्हती.

"झालं तर मी थांबन."

"म्हंजी गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याचं बोलनं सरस्तवर थांबन. मधी बोलनार न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या दादासाठनं मामा थांबला. मला का थांबता येनार न्हाई?"

आत्याबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग भावाकडे वळल्या. "आबा, आपल्या घरात समदी बोलत्यात. थांबतंय कोन? येऊ दे ही पोरगी."

"पयली तू थांबत न्हाईस," आबा म्हणाले.

"म्हनूनच म्हनते की!"

मग गूळ वाटला. मामाने शेजारच्याला विचारलं, "काय ठरलं?" आणि कळल्यावर पुन्हा हात वर करून पाडला.

हौसाला तीन मुलं झाली. मधला अडखळू लागला तेव्हा तिने मला निरोप पाठवला नाही, कोणाला विचारलं नाही. मी एकदा तिच्याकडे गेलो असताना पाहिलं, चुलीवर दूध वर येत होतं आणि ती पोराच्या तोंडाकडे बघत उभी होती. दूध उतू गेलं. आत्याबाई खाटेवरून ओरडत होत्या. पोराचं वाक्य पुरं झालं, मग ती दुधाकडे वळली. तो मुलगा पुढे एसटीत कंडक्टर झाला. 'कामशेत'ला तो अजून थोडा अडतो, पण प्रवासी उतरतात. माझी दोन्ही मुलं सरळ बोलणारी निघाली. नात मात्र अडखळते. ती माझ्यासमोर बसली की माझा उजवा हात आपोआप वर जातो. हा हात माझ्यात रक्ताने आलेला नाही. पण आता तिने तो आपल्या धाकट्या भावासमोर धरलेला मी पाहिला आहे, आणि त्या भावाला तर काहीच अडचण नाही.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आई माझ्याशी बोलली नाही. रागावली होती की कसं, मला कळेना. दिवेलागणीला तिने मला आणि नानांना वाढलं. तांदळाची भाकरी, पिठलं, सकाळचा उरलेला भात. पिठलं अळणी होतं. इतक्या गडबडीत मीठ घालायचं राहून गेलं असणार. मी वर बघितलं आणि म्हणालो, "मी... मी..."

आईचे ओठ हलले. मग तिने खालचा ओठ दातांत धरला. उठून ती दोन वाट्या घेऊन आली, एकीत मीठ, एकीत मिरची, आणि माझ्यासमोर बसली. नाना घास हातात धरून बघत होते. बाहेर राबाचा धूर खाली बसत होता. आईने दोन्ही वाट्या पुढे धरल्या होत्या, हात अवघडले असतील, पण ती काही बोलत नव्हती. माझ्याकडे बघत थांबली होती.

"मीठ," मी म्हणालो.